स्पेनच्या डोंगरातील शेतासाठी इथला वडिलोपार्जित हिस्सा विकावा का?

प्रश्न : करवीर तालुक्यातील वाचक

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची सात व अकरा वर्षांची दोन मुले काही वर्षांपासून नेदरलँड्समध्ये राहतात. चौघांचेही पारपत्र भारतीयच आहे. आता शहर सोडून दक्षिण स्पेनमधील आल्पुहारा या डोंगराळ भागात, कापिलेइरा गावाच्या खालच्या उतारावर एक जुने शेतघर विकत घेण्याचे त्यांच्या मनात आहे. गाडीरस्ता संपल्यावर तिथे पायवाटेने जावे लागते. घर मातीच्या सपाट धाब्याचे आहे, वीज सौरपट्ट्यांवर चालते आणि दगडी ताली घातलेल्या जमिनीत बदाम, अंजीर, चेस्टनट व थोडी ऑलिव्हची झाडे आहेत. पैसा उभा करण्यासाठी पन्हाळा तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा विकावा, असे भावाचे म्हणणे आहे.

आई माझ्याजवळ असते. तिचा विरोध नाही, पण सगळे ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : "तिथं पाणी कुणाच्या पाटाचं?" विकणाऱ्याने 'पाणी भरपूर आहे' यापलीकडे काही सांगितलेले नाही. भावाला अडवण्याची माझी इच्छा नाही; उलट त्याची मुले मातीत वाढणार याचा मला आनंदच आहे. मात्र मी स्वतः ऊस करतो, आणि पाण्याच्या भरवशाशिवाय घेतलेली जमीन माणसाला काय करायला लावते, हे आमच्या भावकीत पाहिले आहे. ज्यांना त्या भागातील जगणे ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : स्पेनच्या ग्रानादा प्रांतात राहणारी वाचक, माहेर कोल्हापूर

दादा, काकूंचा प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून आधी पाण्याविषयीच लिहिते.

आल्पुहारा हा सिएरा नेवाडा पर्वताचा दक्षिण उतार आहे. याच पर्वतातले मुलासेन हे शिखर सुमारे ३,४७९ मीटर उंच आहे. उन्हाळ्यात इथे पाऊस जवळपास नसतोच. शेती चालते ती वितळणाऱ्या बर्फावर. मध्ययुगात इथल्या मुस्लिम शेतकऱ्यांनी उतारांवर मातीचे पाट काढले, त्यांना असेकिया म्हणतात, आणि त्यांपैकी कित्येक आजही वाहतात. १५६८ च्या उठावानंतर त्या शेतकऱ्यांच्या वंशजांना इथून हाकलून देण्यात आले आणि उत्तरेकडून नवी कुटुंबे आणून वसवली गेली. तेव्हा पाटांची रीत शिकवण्यासाठी काही जुनी कुटुंबे मुद्दाम मागे ठेवली होती, असे इथे सांगतात. वरच्या अंगाचे काही पाट मुद्दाम पाझरते ठेवलेले असतात. वसंतात बर्फाचे पाणी त्यांत सोडतात, ते खडकांच्या भेगांतून मुरते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खालच्या झऱ्यांना येते. म्हणजे तुमच्या भावाच्या शेतातला झरा वर दूरवर कोणीतरी पाट साफ ठेवतो म्हणून वाहत असेल. गावे ओस पडू लागल्यावर असे बरेच पाट बुजले. ग्रानादा विद्यापीठातील संशोधक, स्वयंसेवक आणि गावकरी २०१४ पासून ते पुन्हा मोकळे करत आहेत, आणि या डोंगरात याहून मोलाचे काम दुसरे नाही, असे मी मानते.

पाण्याच्या पाळीची सिंचनकरांच्या संघाकडे नोंद असते : अमुक शेताला अमुक वारी, इतका वेळ. पाळी रात्री तीनला आली तर रात्री तीनला फावडे घेऊन उभे राहावे लागते. वर्षातून एकदा पाट साफ करायला प्रत्येक घरातून माणूस जातो, नाहीतर मजुरी भरावी लागते. नव्या कुटुंबाची ओळख गावाला तिथेच होते. ऐंशीच्या दशकापासून इंग्रज, जर्मन, डच अशी अनेक कुटुंबे या भागात आली. माझ्या पाहण्यात जी टिकली, ती शेजाऱ्यांबरोबर पाटावर गेलेली होती.

बाकीचे थोडक्यात सांगते. घर उंचावर असल्याने हिवाळा चांगलाच कडक असतो आणि वर्षाचे जळण आधीच फोडून रचावे लागते. सिमेंट, गॅसचे सिलिंडर, धान्याची पोती, सगळे पायवाटेने न्यायचे असते. रानडुकरे ताली उकरतात. १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात वणव्याच्या भीतीने पालापाचोळा जाळण्यास मनाई असते. मोठ्या रुग्णालयासाठी ग्रानादा किंवा मोत्रिल गाठावे लागते. वयाच्या ६ ते १६ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे आहे आणि घरी शिकवण्याला इथे कायदेशीर मान्यता नाही. लहान गावांतील शाळांत वेगवेगळ्या वयांची मुले एका वर्गात बसतात. धाकटे मूल वर्षभरात स्पॅनिश बोलू लागेल, याची मला चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती अकरा वर्षांच्या मुलाची, ज्याचे मित्र मागे राहतील आणि ज्याला शाळेनंतर पायवाट चढून अशा घरी यायचे आहे, जिथून दुसऱ्या घराचा दिवाही दिसत नाही. त्याचे मत कोणी विचारले आहे का?

उत्तर : पाटबंधारे खात्यातील निवृत्त अभियंता, कोल्हापूर

वरील माहितीत एका गोष्टीची भर घालतो. आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपताना बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून नदीचे पाणी अडवतात, आणि शेतकऱ्याला साठा डोळ्यांनी दिसतो. तिथला साठा डोंगराच्या पोटात आहे, म्हणून तो दिसत नाही. वरचे मातीचे पाट काँक्रीटचे केले किंवा त्यांत पाइप टाकले, तर वरच्या शेतकऱ्याचे पाणी वाचते, पण पाझर थांबून खालचे झरे आटू शकतात. त्या ओढ्यावर असे काही झाले आहे किंवा होऊ घातले आहे का, याची चौकशी भावाने करावी.

झऱ्याची धार मार्चमध्ये पाहून व्यवहार करू नये. ती सप्टेंबरमध्ये मोजावी. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर पाणी मिळते. घर आणि लहान बाग यांना ते पुष्कळ आहे, बदामाच्या मोठ्या रानाला नाही.

उत्तर : जमीन व्यवहारांचे काम पाहणारे वकील, शाहूपुरी

इथला हिस्सा विकण्याआधी पुढील बाब भावाला स्पष्टपणे सांगावी. अनिवासी भारतीयाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते आणि भारतात राहणाऱ्या नागरिकाला विकता येते. परंतु अनिवासी असेपर्यंत नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. सात-बारावरचे नाव एकदा निघाले की परत येणे फार अवघड होते. विक्रीचा पैसा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या खात्यातून कर भरून परदेशी नेता येतो. त्याची मर्यादा आर्थिक वर्षाला १० लाख डॉलर आहे. तेव्हा पैसे नेण्याची अडचण नाही, अडचण परतीच्या दाराची आहे.

स्पेनच्या बाजूने सांगायचे, तर नोंदणी कार्यालयातील उतारा आणि भूमापनाची नोंद यांतील क्षेत्र जुळते का, हे पाहावे. जमीन विकत घेतल्याने वास्तव्याचा हक्क मिळत नाही. नोकरी न करता राहण्याच्या परवान्यासाठी मुख्य अर्जदाराला दरमहा २,४०० युरो आणि कुटुंबातील प्रत्येकासाठी आणखी ६०० युरो उत्पन्न दाखवावे लागते, म्हणजे चौघांचे ४,२०० युरो. आणि त्या परवान्यावर काम करण्यास मनाई आहे. स्वतःच्या शेतमालावर पोट भरण्याचा विचार असेल, तर स्वयंरोजगाराचा वेगळा परवाना लागेल.

मूळ प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. ही उत्तरे मी भावाला आणि वहिनीला वाचून दाखवली. पाण्याच्या पाळीचा कागद मागितल्यावर विकणाऱ्याने अजून तो दिलेला नाही. पन्हाळ्याचा व्यवहार थांबवून आधी खाली ओर्हिवा गावात एक वर्ष भाड्याने राहावे, असे दोघांचे मत बनत आहे. मोठ्या पुतण्याशीही मी बोललो. त्याला डोंगर हवा आहे, पण फुटबॉलचा संघही हवा आहे. ताई, शाळेच्या प्रवेशासाठी त्यांनी कधी जावे?

उत्तर : ग्रानादा प्रांतात राहणारी वाचक

दादा, आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्यात येते त्या प्रदेशात, प्रवेशअर्ज मार्चमध्ये घेतात आणि शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते. भाड्याच्या घराचा करार होताच गावाच्या नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव नोंदवावे, कारण शाळा आणि दवाखाना दोन्हीकडे तोच दाखला मागतात. मार्च हुकला, तरी मुलांना नंतर प्रवेश मिळतो. मात्र जवळच्या शाळेत जागा नसेल, तर दूरची शाळा दिली जाऊ शकते.