दारूच्या रक्तचाचण्या : प्रमाणीकरण की किटवाल्यांची चांदी?

पिपेटवाला
'सीडीटी, पेथ हे सगळे किट खपवायचे धंदे, दारुडा वासावरून कळतो' या कालच्या पोस्टवर प्रतिसाद लिहायला बसलो आणि तो लांबला, म्हणून वेगळा धागा. अहो, वास काल रात्रीचा येतो, महिनाभराचा नाही; गेल्या काही आठवड्यांचं पिणं या दोन रक्तचाचण्या दाखवतात. सीडीटी म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाचे साखरेच्या साखळ्या तुटके असलेले प्रकार. सीडीटी वर जायला रोज ५०-६० ग्रॅम अल्कोहोल, तेही दोनेक आठवडे पोटात जावं लागतं. बोंब होती ती मोजण्यात. कुठलं किट ट्रायसायलो (तीन सायलिक आम्लं असलेला प्रकार) धरायचं, कुठलं सोडायचं. कुणी टक्के छापायचं, कुणी युनिट. २००५ साली आयएफसीसीने (लॅब-तपासणीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) कार्यगट नेमला. त्यांनी डायसायलोट्रान्सफेरिन (दोन सायलिक आम्लांचं) तेवढंच मोजायचं ठरवलं, संदर्भाला एचपीएलसी (घटक वेगळे करून आलेख काढणारी पद्धत). यात धंदा कुठे दिसला?

उंटावरचा शहाणा
ती पोस्ट माझीच. सगळी घड्याळं एकमेकांशी जुळवली म्हणून वेळ बरोबर होत नाही.

गवती चहा
मी थेंबाला शिवत नाही. रक्तात जीजीटी (लिव्हरचं एन्झाइम) ११२ आलं, म्हणजे वाढलेलं. डॉक्टरांनी बायकोला बाहेर बसवलं आणि हळूच विचारलं, "रोज किती?" नाही म्हटलं तर चष्म्यावरून नुसते बघत राहिले. शेवटी फॅटी लिव्हर निघालं. बायको अजून माझा ग्लास हुंगते.

पिपेटवाला
जीजीटी मध्येच कुठून आलं? ते जाड माणसात वाढतं, फिट्सच्या फेनिटॉइन गोळीनेही वाढतं. म्हणून तर सीडीटी!

गवती चहा
जाड कुणाला म्हणालात?

निशिगंधा
तुमचं जीजीटी वाढलं तरी. माझा मामा रोज अर्धी बाटली रिचवायचा, जीजीटी कायम नॉर्मल. तो कागद घडी करून खिशात ठेवायचा आणि आम्ही बोललो की उलगडून दाखवायचा. लिव्हरनेच गेला. खिशात कागद होताच.

उंटावरचा शहाणा
हेच म्हणतोय! कागदापेक्षा माणूस बघा.

निशिगंधा
माणूसच बघत होतो हो आम्ही. कागद त्याच्या बाजूने होता. माझं बोलणं तुमच्या खात्यावर जमा करू नका.

दोन_नळ्या
मेव्हण्याला लायसन परत मिळवायला सीडीटी मागितली. एका लॅबची मर्यादा १.७ टक्के, दुसरीची २.५. तो २.१. म्हणजे एका दारात दारुडा, दुसऱ्या दारात सज्जन. शहाणे, इथे घड्याळ कुठलं बघायचं?

उंटावरचा शहाणा
आणि ज्याचं ट्रान्सफेरिन जन्मतःच वेगळं, त्याचं काय? तो तर न पिता अडकणार.

पिपेटवाला
हा मुद्दा मान्य, जिवावर येतंय तरी. पण एचपीएलसीचा आलेख डोळ्यांनी बघा: टेट्रासायलोचा (चार सायलिक आम्लांचा, नेहमीचा प्रकार) उंच सुळका, अलीकडे डायसायलोचा जेमतेम उंचवटा. असा जन्मजात व्हेरिएंट असला की भलतीकडे शिखर उगवतं. लिव्हर बिघडलेलं असेल तर डाय आणि ट्रायमधली दरी भरून येते. मग आकडा द्यायचाच नसतो. नुसता आकडा ओकणाऱ्या मशिनवर यातलं काही दिसत नाही. पेथचं बरं, दारूशिवाय ते शरीरात तयारच होत नाही. त्याच्याही मर्यादा २०२२ मध्ये बाझेलला ठरल्या, २० आणि २०० नॅनोग्रॅम प्रति मिली: २० च्या खाली न पिणारा किंवा नाममात्र पिणारा, २०० च्या वर भरपूर पिणारा.

उंटावरचा शहाणा
बरं बाबा, तुमचं मशीन थोर. आलेख बघणारा शुद्धीवर असला म्हणजे झालं.

गवती चहा
ते पेथ की काय, कुठल्या नावाने मागायचं? बायकोच्या हातात ठेवायचंय. आणि जाडचं उत्तर अजून आलेलं नाही.