दोन गोळे पुरेत की बार हवाच? कारणासकट बोला

दुसरी_पाळी (उद्यमबाग, बेळगाव)

मंडळी, आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत यावरनं वाद चाललाय, म्हणून इथं टाकतोय. मी मशीन शॉपला आहे. वय ३८, वजन ७४. जिम दोनदा लावली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सुटली. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, सकाळी पोरांची शाळा, मग जिमला जायचं कधी? शेवटी १६ आणि २४ किलोची केटलबेल घेतली, म्हणजे मूठ असलेले लोखंडी गोळे. चौदा महिने झाले, एकही आठवडा अख्खा बुडालेला नाही.

आठवड्याला तीन दिवस करतो. सोमवारी जड, बुधवारी हलकं, शुक्रवारी मधलं. सुरुवातीला गेट-अप, म्हणजे एका हातानं गोळा वर धरून आडव्याचं उभं राहायचं, दोन्ही हातांनी तीन-तीन. मग क्लीन (गोळा खांद्याशी आणणं) आणि प्रेस (तिथनं डोक्यावर ढकलणं) शिडीनं, म्हणजे १, २, ३ असं चढायचं आणि परत १ पासून. जड दिवशी पाच शिड्या, म्हणजे एका हाताचे ३० प्रेस होतात. हलक्या दिवशी तीनच. शेवटी स्विंग, म्हणजे गोळ्याचे झोके, दहाचे दहा सेट. सगळं पाऊण तासात.

माझं म्हणणं एवढंच की नोकरी-संसारवाल्या माणसाला हे पुरतं. बार म्हणजे वजनं लावायचा लोखंडी दांडा, त्याच्या प्लेटा, रॅक हा सगळा पसारा आहे.

खानापूर_रोड_बारबेल

दादा, चौदा महिने सलग केलंस त्याला सलाम. पण "पुरतं" म्हणजे कशाला पुरतं ते सांग.

२४ चा गोळा छातीशी धरून सलग वीस स्क्वॉट, म्हणजे बैठका, निघत असणार तुझे. मग तो पायांचा दम झाला, ताकद नव्हे. आमच्याकडं नवा पोरगा आला की रिकामी बार देतो, २० किलोची. पाच-पाचचे तीन सेट, आठवड्यातनं तीनदा, दर खेपेला अडीच किलो वाढवायचे. कधीतरी अडकतोच, तेव्हा थोडं वजन उतरवून परत चढायचं. तीन महिन्यांत बहुतेक जण स्वतःच्या वजनाच्या आसपास पोचतात. अडीच किलो ही पायरी आहे. तुझ्याकडं १६ नंतर थेट २४, म्हणजे दीडपट. जिना नाहीच, अंगणातनं थेट गच्चीवर उडी.

आणि हे आकडे काही शास्त्रानं ठरवलेले नाहीत. रशियात पूड नावाचं जुनं वजन होतं, १६.३८ किलोचं. बाजारात धान्य तोलायचं माप. एक पूड १६, दीड २४, दोन ३२. तराजूवरचं माप व्यायामात आलं, एवढंच.

तालीमवाले_काका

तुम्ही दोघं भांडा, मी मधे पडतो. वय ६३. शहापुरात वाढलो, तालमीत पंधरा वर्षं काढली. आमच्याकडं जोर, सपाट्या, बैठका, करेला, मुद्गल. पैसा लागला नाही की रॅक लागला नाही. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं १९१२ ला. तिथं लढलेल्या पैलवानांनी ही रशियन किटली बघितली होती काय?

खानापूर_रोड_बारबेल

काका, बघितली नव्हती. पण त्यांना दुसरी पाळी पण नव्हती! दूध-बदाम-तूप, चार-चार तास मेहनत आणि दुपारची झोप, एवढं धरूनच ते गणित बसायचं. आणि पाचशे बैठकांवरनं सातशेवर गेलं की दम वाढतो. ताकद वाढवायची तर वजन वाढायला पाहिजे.

तालीमवाले_काका

वजन वाढायचं की रे! जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारायचो. आधी हलकं पोरगं, मग आपल्या जोडीचं, मग जड. तुझ्या अडीच किलोच्या पायऱ्या आमच्याकडं दोन पायांवर चालत यायच्या.

आणि हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरणं कुणी मोजत नाही. लाल माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू. फावडं घेऊन अर्धा तास माती वरखाली करायची. पाय रुंद, कुल्ले मागं, पाठ सरळ आणि ओढ कमरेखालनं. तुझा तो स्विंग मी नातवाच्या मोबाईलवर बघितला. हौदा उकरणंच ते, फक्त फावडं नाही हातात.

दुसरी_पाळी

काका, हे मला चौदा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. मान्य.

बारबेलवाल्या भावा, उडीबद्दल तुझं खरं आहे. १६ चे पाच-पाच प्रेस सहज निघायचे आणि २४ खांद्यावरनं हलत नव्हती. चार महिने तिथंच घासलो. मग आपण बेळगावात राहतो याचा फायदा घेतला. ओळखीच्या फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे साच्यासाठी नमुना, करून २० किलोची ओतून घेतली. हिशोब घालून १७ सेंटिमीटरचा गोळा आणि ३५ मिलिमीटर जाडीची मूठ ठरवली. काट्यावर ठेवली तर २०.६! गोळ्याचं बरोबर होतं, मुठीचं दोन किलोच्या वर जातं ते हिशोबात कमी धरलं होतं. शिवाय मुठीच्या आतल्या बाजूला पार्टिंग लाइनचा बर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली धारदार कड, राहिला. पहिल्याच दिवशी दहा क्लीनमध्ये तळहाताचं सालपट निघालं. ग्राइंडर मारून, वर पॉलिश पेपर घासून आता गुळगुळीत केलीय. कुणी ओतून घेणार असेल तर मुठीकडं आधी बघा. रंग तर मुठीला देऊच नका, घामानं सटकतो.

तर आता पायरी आहे माझ्याकडं, ओबडधोबड का होईना.

निपाणीची_बाई

मला तुमच्या भांडणात दोन्हीकडनं बोलायचंय. शाळेत शिकवते, वय ४४. जिममध्ये गेले तर दोन-दोन किलोचे गुलाबी डंबेल हातात दिले आणि "मॅडम, जड उचलू नका, अंग पुरुषी दिसेल." एवढ्यानं अंग पुरुषी झालं असतं तर आमच्याकडं डोक्यावरनं तंबाखूचे बोद वाहणाऱ्या बायका पैलवान झाल्या असत्या.

घरी ८ पासून सुरुवात केली, आता १२ चा प्रेस आणि १६ चा स्विंग. पण तीन दिवस पाऊण-पाऊण तास मला कधीच जमला नाही. मी पाच दिवस वीस मिनिटं करते. एक दिवस गेट-अप आणि स्विंग, दुसऱ्या दिवशी प्रेस आणि गोबलेट स्क्वॉट (गोळा छातीशी धरून), असं आलटून पालटून. सासूबाई आधी विचारायच्या, "काय करुलालीस सकाळी सकाळी, धाडधाड?" आता त्या खुर्चीवरनं हात न टेकता दहादा उठतात-बसतात, माझ्याशेजारी. तीनच दिवस पाहिजेत असं कुठं लिहिलंय?

फिजिओ_टिळकवाडी

ताई, कुठंच लिहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रौढांसाठीचं म्हणणं एवढंच आहे की सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम आठवड्यात किमान दोन दिवस. त्याशिवाय मध्यम दमाचं चालणं-फिरणं १५० ते ३०० मिनिटं. हे कसं वाटून घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. सासूबाईंना माझा नमस्कार, त्यांचा व्यायाम या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे.

वादाचं म्हणाल तर २०१२ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली होती. सहा आठवडे एका गटाला वेटलिफ्टिंग, दुसऱ्याला केटलबेल. ताकद दोन्हीकडं वाढली, स्क्वॉटमध्ये वेटलिफ्टिंगवाल्यांची जास्त वाढली. त्यामुळं पायांबद्दल बारबेलवाले बरोबर आहेत. पण सहाच आठवडे! चौदा महिने टिकणं हा प्रश्न त्यात नव्हताच.

मला राग येतो तो क्रमाचा. माझ्याकडं कंबर धरून येणाऱ्या पोरांमध्ये एक नमुना ठरलेला असतो: आधी शंभर-दोनशे स्विंग "वॉर्म-अप म्हणून" आणि त्यावर जड डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरनं बार उचलणं. पकड गेलेली, पाठ थकलेली, आणि मग बार उचलायची. गेट-अपसारखं लक्ष लागणारं आणि प्रेस-स्क्वॉटसारखं जड आधी, दम काढणारं शेवटी. दुसरी पाळीवाल्यांनी हा क्रम बरोबर ठेवलाय.

स्विंगमध्ये दुसरी चूक म्हणजे उठाबशी काढून हातानं गोळा वर फेकणं. दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या असताना गोठ्याचं दार ढुंगणानं मागं ढकलतो ना, ती हालचाल. गुडघे थोडेच वाकतात, गोळा मांड्यांमधनं मागं जातो आणि कंबर झटक्यानं सरळ झाली की आपोआप छातीपर्यंत येतो. हात म्हणजे फक्त दोरी. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून उचलू नका, आणि पायात मुंग्या येत असतील तर आधी दाखवून घ्या.

भरतीवाला_पोरगा

मॅडम, मी कडोलीकडचा. मराठा लाइट इन्फंट्रीत जायचं स्वप्न आहे, त्यांचं सेंटर आपल्याच बेळगावात. भरतीला १६०० मीटर पळायचं आणि दहा पुलअप असतात. एकजण म्हणाला स्विंग मारलेस तर पळायची गरज नाही, दम तोच. खरं काय?

खानापूर_रोड_बारबेल

त्याला सांग, भरतीच्या मैदानात गोळा घेऊन उभा राहा म्हणून. पळायचं असेल तर पळ. आठवड्यात तीन दिवस पळणं, त्यातला एक दिवस ४०० मीटरचे तुकडे वेगात. पुलअप एक दिवसाआड, दर खेपेला पूर्ण दमायच्या एक-दोन आधी थांब. केटलबेल दोनच दिवस, वीस मिनिटं, तीही पळायच्या दिवशी पळून झाल्यावर. दुसऱ्या दिवशी पाय मोकळे राहतात.

दुसरी_पाळी

यावर आमचं एकमत. तारीख लिहून ठेवा.

चिक्कोडी_ऊसवाला

मला एक सांगा, तुम्हाला घाम विकत घ्यायची हौस कशाला? आमच्याकडं हंगामात पहाटेपासनं तोडणी, मोळ्या डोक्यावर, ट्रॉली भरणं. जत्रेत आमच्या कानडी भागातली पोरं गुंडकल्लु उचलतात, नुसता गुळगुळीत गोल दगड, मूठ पण नाही. त्यांनी कधी शिड्या मोजल्या?

तालीमवाले_काका

दगड उचलणारा जत्रेच्या आधी तीन महिने लहान दगडावर घुमत असतो, तुला दिसत नाही. आमच्या वस्तादांना सांगायला लागायचं नाही, कुणाचा जोर कालच्यापेक्षा उथळ आला ते लांबनं कळायचं. मोजणी होतीच. फक्त वहीत नव्हती.

फिजिओ_टिळकवाडी

ऊसवाले दादा, तुमचं काम व्यायामापेक्षा जड आहे यात वाद नाही. पण त्यात वाकणं, ओढणं आणि डोक्यावर वाहणं, तेही रोज त्याच बाजूनं. एका खांद्याची उंची दुसऱ्यापेक्षा कमी झालेले किती लोक माझ्याकडं येतात! हंगामात जास्त काही करू नकाच. आठवड्यातनं एकदा गेट-अप आणि थोडे जोर, एवढंच. हंगाम संपला की, एप्रिलपासून, खरी वाढ करा. वर्षभर सारखंच वेळापत्रक पाहिजे असं नाही. खानापूरकडं पावसात रोप लावणीला जाणाऱ्यांना पण हेच सांगते.

निपाणीची_बाई

आणि खाणं? यावर कुणीच बोललं नाही. पुरुषांना वाटतं दोन अंडी वाढवली की झालं.

खानापूर_रोड_बारबेल

ताई, साधारण दर किलो वजनामागं १.६ ग्रॅम प्रथिनं. आपले ७४ किलोवाले दादा धरले तर ११८ ग्रॅम होतात. उसळ, दही, दूध, अंडी, मासे आले तर मासे. भाकरी खायचीच, तिच्याशी वैर नाही. आपली मिठाई, कुंदा, यात धरत नाहीत, दादा, विचारू नकोस.

दुसरी_पाळी

खव्याचा असतो की! बरं, सोडलं.

दोन दिवस विचार केला. बदल असा करतोय. सोमवारी आणि गुरुवारी घरी: गेट-अप, मग प्रेसच्या शिड्या. २०.६ चे पाच शिड्यांचे ३० झाले की शिडीतला वरचा टप्पा ४ करणार, आणि तो पण पाच वेळा निघाला तरच २४ ला हात. शेवटी स्विंग, फक्त आता घड्याळ लावून, दर मिनिटाला दहा. तिसरा दिवस शनिवार, पाळी कुठलीही असो, बारवर स्क्वॉट आणि डेडलिफ्ट. त्या दिवशी स्विंग अजिबात नाही. आणि पाळी बदलते त्या आठवड्यात सगळं निम्मं, कारण झोपच निम्मी असते. बारबेलवाल्या भावा, तुझ्याकडं एका दिवसाची फी घेतात काय?

खानापूर_रोड_बारबेल

शनिवारी सकाळी सातला ये, पहिल्या महिन्याची फी नको. पण "दोन गोळे पुरेत" हे शीर्षक बदल आधी.

दुसरी_पाळी

शीर्षक तसंच राहणार. प्रश्न विचारलाय तिथं, उत्तर नाही दिलेलं.

खानापूर_रोड_बारबेल

बरं वकील साहेब. येताना तो फौंड्रीतला गोळा घेऊन ये, आमच्याकडं प्लेटा तोलायचा काटा आहे. ग्राइंडर मारल्यावर २०.६ राहिला की नाही ते बघू.

तालीमवाले_काका

मी पण येतो. बघायला.