मदत हवी आहे : मुलीचे पाचारण आणि पुढचे शिक्षण

सर्वांना नमस्कार. आम्ही मिरजेचे मराठी ख्रिस्ती कुटुंब, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या रुग्णालयाच्या सावलीतच आमच्या तीन पिढ्या वाढल्या. यंदा मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली माझी मुलगी, अध्यापन हेच आपले पाचारण, म्हणजे देवाने दिलेले बोलावणे आहे, असे प्रार्थनापूर्वक सांगते. मात्र बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची (पदवी देणाऱ्या मंडळाची) बी.डी. ही ईश्वरविज्ञानाची पदवी करावी की शिवाजी विद्यापीठातून एम.ए., हे ठरत नाही. पाचारण म्हणजे केवळ चर्चच्या व्यासपीठावरून उपदेश, असे मी मानत नाही. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली सेरामपूरला महाविद्यालय काढले, तेच मुळी सर्व जातिधर्मांच्या तरुणांना साहित्य आणि विज्ञान शिकवण्यासाठी.

खरी काळजी आपलेपणाची आहे. ती विचार आणि प्रार्थना मराठीत करते. आमच्या मंडळीतला एक मुलगा परप्रांतातल्या अशाच एका संस्थेत गेला आणि इंग्रजीच्या संकोचाने वर्षभर वर्गात गप्प बसला, हे मी जवळून पाहिले आहे.

ईश्वरविज्ञान शिकलेल्या ताई-दादांनी कृपया सांगावे: तिथे आपल्या भाषेला कितपत जागा मिळाली, आणि बी.डी. झालेल्या स्त्रियांना पुढे शिकवण्याची संधी खरोखर मिळते का?