तिमोरला नागरिकशास्त्र शिकवायला चाललेल्या मुलीला काय सांगू?

डिचोलीची_टीचर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे आणि लांबपण आहे, पण इथे बाहेरदेशी काम केलेले बरेच जण दिसतात म्हणून विचारते.

मी डिचोली तालुक्यात हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते, बावीस वर्षं झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुढच्या महिन्यात तिमोर-लेस्तेला (इंडोनेशियाच्या शेजारचा छोटा देश) चाललीय, एका संस्थेत वर्षभराचं काम आहे, गावागावातल्या तरुण पोरांना मतदान, गावसभा, पैशाचा हिशेब कसा मागायचा हे सगळं शिकवायचं. परवा घरी आली होती, चहा घेताना म्हणाली, टीचर तुम्ही आम्हाला शिकवलंत तसंच शिकवू ना? आणि मला उत्तर देता येईना. कारण मी शिकवलं म्हणजे काय तर मूलभूत हक्क पाठ करा, कर्तव्यं पाठ करा, राज्यसभेचा कालावधी किती. ज्या देशात शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर जाळलेलं लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय तिथं हे कसं चालेल?

तेव्हापासून वाचतेय. आपल्यासारखीच पोर्तुगीज वसाहत. १९७४ला लिस्बनमधे हुकूमशाही पडली तशी त्यांच्या सुटकेची आशा दिसायला लागली (गोवा भारताचा हे पोर्तुगालने त्याच वर्षाच्या शेवटी मान्य केलं, त्याचंही कारण तेच). पण २८ नोव्हेंबर १९७५ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊ दिवसांत इंडोनेशियाचं सैन्य आत. पुढे २४ वर्षं. त्यांच्याच सत्य आयोगाने (त्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणारा) किमान १,०२,८०० मृत्यू धरलेत, त्यातले बहुतेक भुकेने आणि आजाराने. ३० ऑगस्ट १९९९ला सार्वमत झालं, ७८.५ टक्के लोकांनी वेगळं व्हायचं म्हणून मत दिलं आणि त्या मतदानाची शिक्षा म्हणून मिलिशियांनी, म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, देश जाळला. म्हणजे मत देणं म्हणजे काय हे त्या लोकांना कुणी पुस्तकातून सांगायची गरजच नाही, त्यांनी त्याची किंमत मोजलीय. मग आमची पंचवीस वर्षांची पोरगी त्यांना नेमकं काय शिकवणार? तिला काय सांगून पाठवू? कृपया मोकळेपणाने लिहा.

म्हापशेकर_पाणीवाला

टीचर, मी तिथे तीन वर्षं होतो, पाणीपुरवठ्याच्या कामावर, राजधानी दिलीत ऑफिस आणि बहुतेक वेळ एर्मेरा भागात, कॉफीचा डोंगराळ मुलूख. नागरिकशिक्षण हे माझं काम नव्हतं पण नळ बसवायचा म्हणजे समिती आली आणि समिती आली की भांडण, विश्वास, हिशेब सगळं आलंच, त्यामुळे जे बघितलं ते सांगतो.

एका गावात टाकी बांधून झाली, टाकीच्या व्हॉल्वला कुलूप, चावी शेफी सुकूकडे, म्हणजे तिथला सरपंच समजा, सुकू म्हणजे गाव आणि त्याच्या खाली वाडे असतात. शहरातून एका संस्थेची माणसं आली ट्रेनिंग द्यायला. बॅनर लावला, टी-शर्ट वाटले, लोकशाही म्हणजे काय, पारदर्शकता म्हणजे काय असं दोन तास चाललं, लोक माना डोलावत होते, कुणी एक शब्द बोललं नाही. फोटो काढून ती मंडळी गेली. मग चटईवर सुपारी आणि विड्याची पानं आली, आपल्यासारखंच, चुना वेगळा लावतात फक्त. आणि तेव्हा एक म्हातारी बोलली, हळू आवाजात, कुणाकडे न बघता, की चावी त्याच्याकडे आहे आणि आमच्या वाड्याला पाणी तिसऱ्या दिवशी येतं. बस. एवढंच. पण सगळे गप्प झाले, कारण तिचा वाडा आणि शेफीचा वाडा ९९साली दोन बाजूंना होते.

त्यावर चार मीटिंगा झाल्या. शेवटी दोन कुलपं लावायची ठरली, एक चावी इथे एक तिथे, दोघं आल्याशिवाय व्हॉल्व फिरायचा नाही. पुढे एकदा एका बाजूने चावी द्यायला नकारही दिला आणि परत चटई अंथरावी लागली, म्हणजे एका फटक्यात सगळं गोड झालं असं नाही. पण माझ्या डोळ्यादेखत नागरिकशास्त्र शिकले लोक ते त्या व्हॉल्वपाशी, बॅनरपाशी नाही. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, पहिले दोन महिने काहीही शिकवू नको. पाणी कोण सोडतं, रस्त्याच्या पैशाचा कागद कुणाकडे असतो, मीटिंगमधे कोण बोलतं आणि मीटिंग संपल्यावर कोण बोलतं ते बघ. आणि तेतुम शीक, तिथली बोलायची भाषा. कायदे पोर्तुगीजमधे असतात, खेड्यातल्या बहुतेकांना ते वाचता येत नाहीत, तेतुम मात्र जवळपास सगळीकडे चालते.

आणखी एक, पक्ष हा शब्द जपून वापरायला सांग. १९७५च्या ऑगस्टमधे, इंडोनेशिया यायच्या आधीच, त्यांच्याच यूडीटी आणि फ्रेटिलिन या दोन पक्षांत मारामाऱ्या झाल्या, आपसातलंच युद्ध. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्या मनात पक्ष म्हणजे बंदूक असं बसलंय.

जुना_फोंडेकर

बाई, मी पंचाहत्तरीला आलोय, तिमोर बघितलेलं नाही. पण तुमचा प्रश्न वाचून मला आमचं घर आठवलं. गोव्याची मुक्ती झाली तेव्हा मी अकरा वर्षांचा. त्याआधी लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी लागायची, सभा हा शब्द घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आणि दोनच वर्षांत, १९६३च्या डिसेंबरात, वडील मतदानाला गेले. त्यांना कुणी नागरिकशिक्षण दिलं नव्हतं. देवळाचा महाजन, गावचा भजनी ताल, वाचनालय, एवढ्याच जागा होत्या जिथे चार माणसं बसून काहीतरी ठरवायची, भांडायची, वर्गणीचा हिशेब वाचून दाखवायची. मला वाटतं पोर्तुगीजांना जे मोडता आलं नाही ते हेच.

आता १९६७चा जनमत कौल. आमच्या घरावर फूल होतं, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. शेजारच्या घरावर दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा ठेवायचा. आम्ही हरलो, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. माझे वडील त्या दिवशी जेवले नाहीत हे मला आजही दिसतं. पण दुसऱ्या दिवशी शेजारी आले, वडिलांनी त्यांना सोप्यावर बसवलं, कौलाबद्दल दोघं काही बोलले नाहीत, भाताबद्दल बोलले. घरं जळली नाहीत. का? मी यावर खूप विचार केलाय. एक कारण असं की भाऊसाहेब बांदोडकरांनी कौलाच्या आधी डिसेंबर ६६मधे मुख्यमंत्रिपद सोडलं होतं, राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं, त्यामुळे हरलेल्याला असं वाटलं नाही की पंचाने खेळ फिरवला. आणि दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तिथे आमचाच, भाऊसाहेबांचा पक्ष निवडून आला. म्हणजे हरलेल्याला पुढचा डाव होता.

तिमोरच्या सार्वमताची सुरक्षा कुणाकडे होती ते शोधा बाई. इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे. ज्याच्याविरुद्ध मत द्यायचं तोच राखणदार. लोकांना हक्क सांगणं सोपं आहे, पण हरल्यावर घर शाबूत राहील याची खात्री आधी लागते, ती नसेल तर हक्काची कविताच होते.

सत्तरी_रानवाट

काकांचं वाचून अंगावर काटा आला. मला मात्र म्हापशेकर दादांशी थोडं भांडायचंय.

चटई अंथरणं छान आहे, नाहे बिती म्हणतात त्याला तिथे, मी यावर मास्टर्सला असताना बरंच वाचलंय. सत्य आयोगाने २००२ नंतर त्याच पद्धतीवर गावोगाव बैठका घेतल्या, ज्याने घर जाळलं किंवा गुरं चोरली त्याने सगळ्यांसमोर कबूल करायचं, गावातले जाणते, लिया-नाइन, म्हणजे शब्दाचे धनी, मधे बसायचे, मग माफी किंवा काही भरपाई किंवा गावाचं काम. सुमारे १,४०० माणसं या वाटेने परत गावात आली. पण खून आणि बलात्कार त्यात नव्हते. ते कोर्टाकडे. आणि कोर्टाकडे काय झालं तर चारशेच्या आसपास लोकांवर आरोपपत्रं, त्यातले तीनशेहून जास्त सीमेपलीकडे इंडोनेशियात, हात लागले नाहीत. म्हणजे ज्याने गाय चोरली त्याने चटईवर मान खाली घातली आणि ज्याने माणूस मारला तो मोकळा. हे एखाद्या विधवेने ट्रेनिंगमधे विचारलं तर आपली पोरगी काय उत्तर देणार? तिला उत्तर माहीत नसेल तर चालेल, पण विषय बदलू नको म्हणावं.

दुसरं म्हणजे चटईवर बोलतं कोण? जाणते पुरुष. दादांनी सांगितलेली म्हातारी ट्रेनिंग संपल्यावर बोलली, यातच आलं. तिथे २०१६च्या गावनिवडणुकीत ४४२ सुकूंपैकी २१ ठिकाणी बाई प्रमुख झाली, त्याआधी ११ होत्या. मी सत्तरी तालुक्यात ग्रामसभांना जाते, आमच्याकडे राखीव जागा आहेत तरी रविवारच्या सभेत बायका मागच्या भिंतीला टेकून उभ्या असतात, पंच असलेली बाईसुद्धा. आम्ही एक साधी गोष्ट केली, सभेच्या आदल्या संध्याकाळी तुळशीवृंदावनापाशी बायकांनी बसायचं आणि प्रश्न वहीत लिहून काढायचे, कोण कुठला विचारणार ते ठरवायचं. पहिल्यांदा ज्या काकीने उठून कचऱ्याच्या पैशाचं विचारलं तिचा हातातला कागद एवढा थरथरत होता की बाजूच्या बाईने तो धरला. पण विचारलं तिने पूर्ण. आणि सचिवाला ते इतिवृत्तात लिहावं लागलं. प्रश्न इतिवृत्तात गेला की तो पुढच्या सभेत जिवंत असतो, हे कुठल्याही भाषणापेक्षा मोठं शिक्षण आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि संस्थांबद्दल. प्रोजेक्ट तीन वर्षांचा असतो, भत्ता असतो तोवर पोरं येतात, पैसे संपले की कपाटात फायली राहतात. मी स्वतः अशा एका प्रोजेक्टवर होते, कुठल्या ते सांगत नाही, शेवटच्या दिवशी गावातल्या मुलांनी विचारलं ताई आता आम्ही कुणाला फोन करायचा, आणि माझ्याकडे नंबर नव्हता. त्यामुळे तिथला एखादा युवक मंडळ, चर्चचा गट, कॉफी पिकवणाऱ्यांची सोसायटी, जे आधीपासून आहे आणि नंतरही राहणार आहे, त्यांच्याबरोबरच काम करायला सांगा. २००१च्या निवडणुकीआधी संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने नागरिकशिक्षणाचा कार्यक्रम आखला होता तेव्हा तिथल्या संस्थांनी पहिल्या आराखड्याला विरोधच केला होता, आम्हाला न विचारता आमच्या लोकांना शिकवायचं कसं ठरवता म्हणून. बरोबर होतं त्यांचं.

म्हापशेकर_पाणीवाला

ताई मान्य आहे, म्हातारीचं तुम्ही बरोबर पकडलंत. मी तेव्हा ते असं बघितलंच नव्हतं.

एक भर घालतो. तिथली माणसं खचलेली, बिचारी, असं मनात धरून ती जाऊ नये. २००६ला सैन्यातले सहाशेच्या आसपास जवान काढून टाकले त्यावरून परत पेटलं, दीड लाखाच्या आसपास लोक घर सोडून गेले, काही दिलीतच तंबूत, चर्चच्या आवारात, काही बाहेर जिल्ह्यांत. स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झाली होती, म्हणजे आता शांतता आली असं म्हणून कुणी निवांत बसू नये. पण ते लोक परत गेले, सरकारने पूर्ण पडलेल्या घराला ४,५०० डॉलरपर्यंत दिले आणि नुसते पैसे नाही, परतणारं कुटुंब आणि जुने शेजारी यांना समोरासमोर बसवायला टीमा पाठवल्या. आणि आता बघा, सप्टेंबर २०२५मधे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ६५ खासदारांना नव्या गाड्या घ्यायच्या होत्या म्हणून. गाड्या रद्द झाल्या, माजी खासदारांची आयुष्यभराची पेन्शनसुद्धा बंद करायचं संसदेने मत दिलं. ही पोरं स्वातंत्र्यानंतर जन्मलेली. आपल्याकडे २००६-०७ला प्रादेशिक आराखडा २०११ (गोव्यातल्या जमीनवापराचा) लोकांनी मागे घ्यायला लावला तेव्हा पणजीत जे वातावरण होतं तेच मला त्या व्हिडिओत दिसलं. तुमच्या विद्यार्थिनीने जाऊन आधी त्या पोरांना विचारावं, तुम्ही हे कसं जमवलंत.

डिचोलीची_टीचर

देव बरें करूं सगळ्यांना. रात्री तिला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं, काकांचा भाताचा भाग दोनदा वाचायला लावला तिने. ती म्हणाली तिच्या बॅगेत छापलेल्या तक्त्यांचं बंडल आहे, ते ठेवून जाते आणि त्या जागी कोऱ्या वह्या घेते, सत्तरीच्या बायकांसारख्या.

विधवेच्या प्रश्नाचं मात्र आम्हा दोघींनाही काही सुचलं नाही. त्यावर आणखी कुणाला लिहावंसं वाटलं तर नक्की लिहा, ती निघेपर्यंत मी रोज बघेन.

सत्तरीच्या ताई, तुमची पुढची ग्रामसभा कुठल्या रविवारी आहे? आदल्या संध्याकाळच्या बसण्याला आम्ही दोघी आलो तर चालेल का? मागे भिंतीपाशी बसू, बोलणार नाही. बावीस वर्षं ग्रामसभा शिकवतेय आणि स्वतः दोनदाच गेलेय, त्याचं मला वाईट वाटतंय.