‘मुदतपूर्व’, ‘अपुऱ्या दिवसांचे’ आणि ‘कमी वजनाचे’

प्रश्न : ‘अकाली प्रसूती’, ‘मुदतपूर्व प्रसूती’, ‘अपुऱ्या दिवसांचे बाळ’ आणि ‘कमी वजनाचे बाळ’ हे शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरता येतील का? ‘सातमाशी’ हा शब्द आज लेखनात चालेल का?

उत्तर : पहिल्या दोन शब्दांचा अर्थ एकच आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेली प्रसूती, ती मुदतपूर्व. मात्र ‘अकाली’ म्हटले की मराठी वाचकाला ‘अकाली निधन’ आठवते. ज्यांचे बाळ अतिदक्षता विभागात आहे त्या आईवडिलांशी बोलताना तरी तो शब्द टाळावा, असे मला मनापासून वाटते. बाळासाठी ‘अपुऱ्या दिवसांचे’ हाच शब्द योग्य, कारण दिवस जाणे आणि दिवस भरणे हे आपले जुनेच वाक्प्रचार आहेत.

‘कमी वजनाचे’ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. जन्मवजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर बाळाला तसे म्हणतात, मग दिवस पुरे भरलेले असोत वा नसोत. मधुमेह असलेल्या आईचे छत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ तीन किलोचे असू शकते आणि तरीही ते अपुऱ्या दिवसांचेच असते. त्याच्या वजनाकडे पाहून श्वासाकडे, साखरेकडे किंवा काविळीकडे दुर्लक्ष झाले, तर शब्दांची गफलत बाळाला भोवते.

‘सातमाशी’ कथेत शोभेल, माहितीपर लेखनात नको. सातवा महिना लागला होता की सरला होता, हे त्यातून कळत नाही, आणि अठ्ठाविसावा व बत्तिसावा आठवडा यांत बाळाच्या फुप्फुसांच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते. सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही, हा समजही याच मोजणीला चिकटलेला आहे. तो निखालस चुकीचा आहे. एरवी सर्व ठीक असेल तर गर्भाशयात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या हिताचाच असतो.

प्रश्न : अशा बाळाचे पुढचे वय कसे लिहावे?

उत्तर : जन्मतारखेवरून येणारे वय लिहून सोबत ‘सुधारित वय’ द्यावे, म्हणजे पूर्ण दिवसांच्या चाळीस आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले तितके वजा करून येणारे वय. बत्तिसाव्या आठवड्याच्या शेवटी जन्मलेले बाळ चार महिन्यांचे झाले, की आठ आठवडे वजा करून त्याचे सुधारित वय साधारण दोन महिने येते. मान धरणे, बसणे, चालणे हे सारे दोन वर्षांपर्यंत याच वयाशी ताडून पाहतात. लसी मात्र सहसा जन्मतारखेनुसारच देतात, म्हणून दोन्ही वये लिहिणे आवश्यक आहे.