कन्स्ट्रक्टरला सहा पॅरामीटर, फॅट आणि एसएनएफ उलटे गेले

नवशिका०७
गावाकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी जावामधे छोटं सॉफ्टवेअर करतोय. दूधनोंद क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे नवी नोंद बनवणारा कोड, सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि शेवटी दोन बूलियन, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, घेतो, म्हैस आहे का, सकाळ आहे का. कॉल दिसतो असा: न्यू दूधनोंद(११२, ६.५, ९.०, ८.२, ट्रू, फॉल्स). काय चुकलंय दिसतंय का? मलाही आठवडाभर नाही दिसलं 😅 फॅट ८.२ होतं, एसएनएफ ९.०, मी उलटे टाकले आणि दोन्हींचा टाइप एकच, डबल (दशांश संख्या), मग कंपायलर कशाला बोलतोय. मित्र म्हणतो बिल्डर लाव, म्हणजे एकेक गोष्ट नावाने देत शेवटी नोंद बनवायची. लावू का?

जावाकाका
नको रे. तुझ्या सगळ्या गोष्टी सक्तीच्या आहेत, बिल्डरमधे फॅट द्यायचं विसरलास तरी कंपायलर गप्पच, रन केल्यावर कळणार. ऐच्छिक गोष्टींचा ढीग असेल तेव्हा बिल्डर ठीक. आधी ते बूलियन काढ, ट्रू फॉल्स वाचून म्हैस कोण आणि सकाळ कोण कुणाला कळणार, दोन इनम (ठरावीक नावांची यादी, जसं गाय/म्हैस) कर. आणि रेंज चेक कन्स्ट्रक्टरमधेच टाक, एसएनएफ ७ च्या खाली आलं की सरळ एक्सेप्शन, म्हणजे एरर.

सेमीकोलन_विसरलो
काका चेक हवाच, पण इथे त्याचा उपयोग शून्य. गायीचं ३.५ आणि ८.५ उलटं झालं असतं तर सापडलं असतं, म्हशीचं ८.२ आणि ९.० कसंही फिरवा, दोन्ही रेंजमधेच बसतात. टाइपच वेगळे करा. फॅटचा एक रेकॉर्ड (फक्त डेटा ठेवणारा छोटा क्लास), एसएनएफचा एक, आत फक्त एक डबल. रेकॉर्ड जावा १६ पासून, म्हणजे २०२१ पासून अधिकृत आहेत, दोन ओळींचं काम. मग उलटं लिहिलं की टाइप करतानाच लाल रेघ. कोटलिन, पायथनमधे नाव लिहून आर्ग्युमेंट देता येतं, जावात ती सोय नाही म्हणून हा खटाटोप.

तसं जावानेच हे भोगलंय. जुन्या डेट क्लासला न्यू डेट(२०२४, १, ५) दिलं तर ३९२४ सालचा ५ फेब्रुवारी मिळतो, कारण तो वर्षात १९०० मिळवतो आणि महिने शून्यापासून मोजतो! जावा ८ मधल्या लोकलडेटचा कन्स्ट्रक्टर मग प्रायव्हेटच ठेवलाय, आपण लोकलडेट.ऑफ म्हणायचं, महिना १ म्हणजे जानेवारी.

नवशिका०७
केलं! कंपाइल केल्यावर अजून ३ ठिकाणी लाल झालं, तिथेही उलटंच होतं 🙈 अजून एक, कन्स्ट्रक्टरमधेच मी डेटाबेसमधून दरपत्रक वाचून रक्कम काढतोय, ते चालेल का?

जावाकाका
अजिबात नाही. एक साधी टेस्ट लिहायची तर डेटाबेस चालू करत बसणार का? दर बाहेरून आणून दे नाहीतर रक्कम काढायची वेगळी मेथड कर. नोंद बनवणं म्हणजे वहीत ओळ लिहिणं, हिशोब नंतर.

आणि त्या ११२ नंबरच्या सभासदाचं काय? त्याने आठवडाभर तक्रार कशी नाही केली?

नवशिका०७
फॅट ९ लागत होतं ना काका, भाव जास्त मिळत होता. तो कशाला बोलतोय 😂