अलास्काचं तेल संकटाच्या वेळी खरंच कामी येतं का?

पेणचा_बाबा
मंडळी, एक शंका आहे. अमेरिकेत अलास्काचं तेल अजून काढायचं, ते आर्क्टिकचं अभयारण्य खुलं करायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चाललेत आणि कारण दर वेळी तेच, देशाची ऊर्जा सुरक्षितता. लेक अकरावीला आहे, तिला भूगोलाचा प्रोजेक्ट आलाय, तिने विचारलं बाबा एवढ्या बर्फातलं तेल अडीनडीला वापरता येतं का? मला काही नीट सांगता आलं नाही. नुसता साठा किती ते नकोय, ते नेटवर मिळतं. प्रत्यक्षात काय झालं ते कोणी सांगेल का?

उरणकर_निवृत्त
लेकीने नेमकं विचारलंय. मी उरणला पाइपलाइनवर बरीच वर्षं काढली, तर पाइपच्या बाजूनेच सांगतो.

अलास्काच्या उत्तर टोकाला, प्रुडो बेला तेल सापडलं १९६८ ला. न्यायचं कसं हा खरा प्रश्न होता कारण तिथला समुद्र वर्षातले बहुतेक महिने गोठलेला, मग दक्षिणेला व्हाल्डीझ बंदर, तिथे पाणी गोठत नाही, तिथपर्यंत जवळपास १,२८७ किमी पाइप टाकायची ठरली. आदिवासींच्या जमिनीचे हक्क, पर्यावरणाचे खटले यात पाच वर्षं गेली. जुलै १९७३ ला सिनेटमध्ये ४९-४९ अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांच्या मताने पारडं झुकलं. ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि नोव्हेंबरात निक्सननी कायद्यावर सही केली. पण तेल व्हाल्डीझला पोचलं ते १९७७ च्या जुलैअखेर! ज्या टंचाईत मंजुरी मिळाली त्या टंचाईत एक थेंब हाती आला नाही. १९७९ ला इराणमुळे परत भाव भडकले तेव्हा मात्र लाईन चालू होती, दिवसाला बारा लाख बॅरलच्या वर येत होतं, तो आधार मोठा होता. १९८८ ला तर वीस लाख, म्हणजे अमेरिकेच्या स्वतःच्या उत्पादनाचा जवळपास पाव हिस्सा.

आणि ती लाईन बघाच एकदा. जमिनीखाली कायमचा बर्फ, तेल गरम, पुरली तर जमीनच वितळून खचणार म्हणून अर्ध्याहून जास्त लाईन खांबांवर उचललीय आणि नागमोडी टाकलीय म्हणजे सरकायला वाव राहतो. २००२ ला ७.९ चा भूकंप झाला, फुटली नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे बघून अजूनही भरून येतं.

सिएटलची_मावशी
दादांनी छान लिहिलंय, मी इकडची बाजू सांगते. अलास्काचं तेल टँकरने आमच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांत येतं. टेक्सासचं क्रूड डोंगर ओलांडून इकडे आणणारी मोठी पाइपलाइनच नाही, त्यामुळे अलास्काचं कमी झालं तसं कॅलिफोर्निया इराक, सौदी, इक्वेडोरचं घ्यायला लागलं. देशात उत्पादन विक्रमी असूनही. म्हणून "देशाची" सुरक्षितता असं सरसकट म्हटलं की मला पटत नाही, कुठल्या किनाऱ्याची ते विचारायला हवं.

आणि १९८९ चा एक्सॉन व्हाल्डीझ या टँकरचा अपघात विसरू नका. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडलं, कित्येक वर्षांनंतरही दगडांखाली उकरलं की तेल निघायचं. अभयारण्याच्या किनारपट्टीवर कॅरिबूंचे, म्हणजे तिकडच्या रेनडियरचे कळप पिल्लं घालायला येतात, ग्विचिन या आदिवासी लोकांचं जगणं त्यांच्यावर आहे, ते कित्येक वर्षं जीव तोडून विरोध करतायत. तिथल्या जानेवारी २०२५ च्या लिलावात तर एकही बोली आली नाही, कंपन्यांना परवडत असतं तर धावल्या असत्या ना?

उरणकर_निवृत्त
मावशी अगदी बरोबर. अजून एक, आता लाईनमधून पाच लाखांपेक्षाही कमी बॅरल जातात. पूर्वी तेल चार-साडेचार दिवसांत पोचायचं, आता अडीच आठवडे लागतात. हळू गेलं की थंड होतं, मेण साचतं, पाणी वेगळं होऊन गोठायची भीती, मग पिग, म्हणजे पाइप आतून खरवडून साफ करणारी यंत्रं, सतत फिरवावी लागतात. म्हणजे विहिरींत तेल शिल्लक असलं तरी प्रवाह फार कमी झाला तर लाईनच चालवता येणार नाही. नवीन विहिरींचा आग्रह धरतात त्यामागे हेही आहे.

पेणचा_बाबा
हे मला माहीतच नव्हतं. आणि आपलं काय? आपलाही रशियाच्या उत्तरेला हिस्सा आहे ना?

उरणकर_निवृत्त
आहे. व्हान्कोर तेलक्षेत्र, आर्क्टिक वृत्ताच्या जरा वर. २०१६ ला ओएनजीसी विदेशने टप्प्याटप्प्याने २६ टक्के घेतले, इंडियन ऑइल वगैरेंनी मिळून २३.९. पण हिस्सा असला म्हणजे ते तेल मुंबईला येतं असं नाही, आपल्याला डिव्हिडंड मिळतो, आणि २०२२ नंतर निर्बंधांमुळे तो पैसाही तिकडच्या बँकांत अडकला. याउलट मुंबई हाय १९७४ ला सापडलं आणि १९७६ ला तेल चालूसुद्धा झालं, कारण किनारा दीडएकशे किमीवर आणि समुद्र उघडा. लेकीला म्हणावं नकाशावर प्रुडो बे, व्हाल्डीझ, सिएटल अशी रेघ काढ, शेजारी मुंबई हाय ते उरण काढ, आणि दोन्हींखाली सापडल्याचं आणि पोचल्याचं वर्ष लिही. काही अडलं तर इथेच विचार म्हणावं, मी आहे.